सुई आत असताना

ब्लॉक देताना मी फार बोलते. एरवी मी बोलघेवडी नाही. उलट तिरसट म्हणून माझी ख्याती आहे, आणि ऑपरेशन थिएटरमधली पोरं माझी चाहूल लागली की मोबाइल खिशात टाकतात. पण हातात सुई आली की मी पेशंटशी अशा गप्पा मारायला लागते, जणू माहेरपणाला आलेय.

मी भूलतज्ज्ञ आहे, हैदराबादेत, कुकटपल्लीच्या एका खासगी रुग्णालयात. भूल म्हणजे झोपवणं असं लोकांना वाटतं. हाताच्या ऑपरेशनला पुष्कळदा झोपवायची गरजच नसते. मानेतून निघून हातात उतरणाऱ्या नसा गळ्याच्या हाडापाशी एका जुडीत येतात. तिथे औषध सोडलं की खांद्याखालचा हात तेवढा झोपतो आणि माणूस जागा राहतो. याला आम्ही ब्लॉक म्हणतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर काळी गोल रक्तवाहिनी धडधडताना दिसते, तिच्या कुशीला नसांचा द्राक्षांसारखा घोस, आणि त्याच्या खाली एक चकचकीत पांढरी रेघ. रेघेपलीकडे फुप्फुस. सुईचं टोक घोसापर्यंत न्यायचं आणि त्या रेघेला शिवू द्यायचं नाही, एवढंच आमचं कसब. पेशंट त्याच क्षणी दचकला किंवा त्याने मान वळवली तर कसब गेलं उडत.

म्हणून बोलायचं. बोलण्यात गुंतलेला माणूस हलत नाही. मला शिकवणारे सर म्हणायचे, निम्मा ब्लॉक सुईने द्यायचा आणि निम्मा तोंडाने. तेलुगू बायकांशी मी लेकीच्या लग्नाचं बोलते, जुन्या शहरातल्या चाचांशी पतंगांचं. दखनी मला बरी येते, तेलुगू तर शाळेपासून तोंडात बसलेली. मराठी पेशंट मात्र क्वचित येतो, आणि आला की विषय मला काढावा लागत नाही, तोच काढतो. परमुलखात मराठी कानावर पडलं की आपल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. गाव कुठलं? मग तालुका. मग आडनाव. आडनावाने भागलं नाही तर, "म्हणजे तुम्ही नेमके कोण?" हे सगळं इतक्या मायेने विचारतात की ऐकणाऱ्याला राग आला तर त्याचीच लाज वाटावी.

लग्नानंतरही मी माहेरचंच आडनाव लावते, आणि ते दोन्हीकडे चालतं. मराठवाड्यात ते पाटलांच्या घरी आहे आणि गावाबाहेरच्या वस्तीतही आहे. आम्ही वस्तीतले. आजोबांच्या काळात आमचं घर बौद्ध झालं.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. बिलोलीकडच्या एका खेड्यातून ते तरुणपणी हैदराबादेत आले आणि टेलिफोन खात्यात लागले. खांबांवर चढले, केबली जोडल्या आणि शेवटी टेबलाशी बसून निवृत्त झाले. मी डॉक्टर झाले, त्यातही हात बधिर करणारी, याची त्यांना भारी गंमत वाटते. "मी जन्मभर लोकांच्या लायनी चालू केल्या, आन् ही बंद करती," असं ते येईल-जाईल त्याला सांगतात.

दादांचा एक नियम आहे. आपण कोण ते आधी सांगून टाकायचं. नवीन शेजारी राहायला आला की त्याला घरी बोलावतात आणि चहा पुढे करण्याआधी सांगतात, "आम्ही बौद्ध." मग चहा देतात. मी लहान असताना मला हे ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा मी चिडून विचारलं होतं की कुणी विचारलेलं नसताना कशाला सांगता. ते म्हणाले, "मागून कळल्यावर त्यानं कप खाली ठेवावा, त्यापेक्षा आधीच ठिवू दे की. आपल्याला बी बरं, त्याला बी बरं." कुणी कुणी खरंच ठेवला. दादा तो कप स्वतः उचलून धुवायला न्यायचे आणि परत येऊन क्रिकेटचं बोलायचे. मी त्यांच्या पोटी जन्मले, पण ही छाती काही वारशाने आली नाही.

ती आजी आली तेव्हा मी सकाळची दुसरी केस आटपून बसले होते. सुलतान बाजारात तिच्या घरच्यांचं कापडाचं जुनं दुकान आहे. दुकानाच्या पायरीवरून ती घसरली आणि उजव्या हाताचं मनगट मोडून बसली. हाडाचे तुकडे सरकलेले, प्लेट बसवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिचं हृदय अधू होतं. पूर्ण भूल दिली तर ती टेबलावरून उठेल याची खात्री कुणीच देईना, म्हणून ब्लॉक ठरला आणि तिला माझ्याकडे सोपवलं. हात इतका सुजला होता की सोन्याच्या पाटल्या कापून काढाव्या लागल्या होत्या, आणि मोडलेल्या हाडापेक्षा तिला त्याचंच रडू येत होतं.

आमची तेलुगू नर्स तिला "अम्मा, कदलकंडी," म्हणजे हलू नका, असं विनवत होती आणि आजी तिला खणखणीत मराठीत सांगत होती, "हळू गं बाई, हाडं हायेत ती माझी." मॉनिटरवर तिची नाडी धावत सुटली होती. अशा हृदयाला ते परवडणारं नव्हतं.

मी तिच्या उशाशी गेले. "आजी, हळूच करणार आहोत. भिऊ नका."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांतलं पाणी तसंच होतं, पण चेहरा बदलला. "मराठी हायेस व्हय गं तू?"

"हो. आता तोंड तिकडं करा आणि मान तशीच ठेवा. माझ्याशी बोला, पण हलायचं नाही."

"बोल म्हन्तीस तर बोलते की. गाव कोन्तं तुझं?"

मी गाव सांगितलं. तिचं माहेर देगलूरच्या बाजूचं निघालं. "मग शेजारीच की गं," ती म्हणाली. मी गळ्यापाशी औषधाने पुसून घेतलं, पडद्यावर घोस शोधला, कातडी बधिर केली आणि सुई आत घातली. आजी बोलत होती आणि नाडी हळूहळू खाली येत होती. सगळं शिकवल्याप्रमाणे चाललं होतं. मग तिने आडनाव विचारलं, आणि मी तेही सांगितलं.

"आगं, माझ्या मावशीच्या घरचं हेच," ती म्हणाली. "म्हंजे आपल्यातलीच हायेस. तरीच. मी पोराला म्हनलं व्हतं, डाक्टर कोन हाय ते बघून घे रे बाबा. आजकाल कसले कसले कोट्यातले येतात, त्यांच्या हातात जीव द्यायचा म्हंजे काय खरं नाही."

टेक्निशियन माझ्या शेजारी औषधाची सिरिंज धरून उभा होता. मी त्याला थोडं सोडायला सांगितलं. पडद्यावर औषध नसांभोवती काळं पसरताना दिसलं. सुई अगदी हवी तिथे होती. माझा हात थरथरला नाही, हे मला आजही आठवतं आणि त्याचं बरं वाटत नाही.

"आपल्यातलीच ना गं?" माझं उत्तर आलं नाही म्हणून तिने परत विचारलं, आणि विचारताना मान किंचित माझ्याकडे वळवली. पडद्यावरचं चित्र हललं. पांढरी रेघ सुईच्या टोकाजवळ सरकली.

"हो, आजी," मी म्हटलं. "मान हलवू नका."

तिचा जीव भांड्यात पडला. मान परत जागेवर गेली, नाडी शांत झाली, मी उरलेलं औषध सोडलं आणि सुई बाहेर काढली. थोड्या वेळाने स्पिरिटचा बोळा तिच्या दंडावरून फिरवून विचारलं, थंड लागतंय का. काहीच लागत नव्हतं. तिने डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात चाचपला आणि मला विचारलं, "ह्यो कुनाचा हात गं?" मी म्हटलं, तुमचाच. ती लहान मुलीसारखी हसली. इतका सुरेख ब्लॉक मी त्या महिन्यात दिला नव्हता.

सुई आत होती, हे कारण मी नंतर स्वतःला कितीतरी वेळा दिलं. म्हातारीचं हृदय अधू, टोकाशी फुप्फुस, अशा वेळी कुणी काय वाद घालत बसायचं का? कारण खोटं नाही. पण पुरतंही नाही. "आजी, ते नंतर बोलू," एवढं म्हणता आलं असतं. "गप्प पडा," म्हणता आलं असतं, आणि लोकांना गप्प बसवण्यात माझा हात धरणारं आमच्या थिएटरात कुणी नाही. यातलं काही मला सुचलं नाही. "हो" तेवढं पटकन सुचलं. ते आधीच जिभेवर येऊन बसलं होतं.

आणि सुई बाहेर काढल्यानंतरचं काय? तासभर ऑपरेशन चाललं. कापडी पडद्याच्या पलीकडे सर्जन तिच्या हाडात स्क्रू पिळत होते आणि अलीकडे मी तिच्या उशाशी स्टुलावर बसून होते. ती मला देगलूरकडच्या शेतांचं, तिथल्या लग्नांचं, "आपल्या लोकांच्या" रीतींचं सांगत होती. तिचा चांगला हात तिने माझ्या हातावर ठेवला होता. "लेकरा," म्हणत होती मला. टेक्निशियनने हळूच विचारलं, "मॅडम, आपके रिश्तेदार हैं क्या?" आणि मी म्हटलं, "हौ, वैसेच समझो." त्याच्या गळ्यात काही सुई नव्हती, की त्याचं हृदय अधू नव्हतं.

खरं सांगायचं तर मला ते गोड लागलं. लाज वाटते ती याचीच. तिने ज्यांना शिव्या घातल्या त्यांतली मी एक, आणि तिच्या "आपल्यातली"त बसून मी ऊब खात होते. फुकटची ऊब होती, आणि मी उठले नाही.

दादा माझ्याकडेच राहतात. संध्याकाळी घरी आले तर ते वाट पाहत होते. त्यांचा रोजचा प्रश्न, "आज कुनाची लाइन कापली?" मी जेवता जेवता सांगितलं, एक मराठी आजी होती, सुलतान बाजारातली, देगलूरकडची. दादांनी घास खाली ठेवला. देगलूर म्हटलं की त्यांचं गावच दाराशी आल्यासारखं होतं.

"पाटलाघरची आसंल," ते म्हणाले.

"हो."

"मग? गाव-आडनाव इचारलं आसंल तिनं. सोडतेत का."

"विचारलं."

"सांगितलंस?"

मी पोळीचा तुकडा मोडला. "सांगितलं," मी म्हटलं.

"काय म्हनली?"

"काही नाही. चांगली आहे म्हातारी. हात धरून बसली होती माझा."

दादांचा चेहरा असा खुलला की मला बघवेना. ते कितीतरी वेळ नुसती मान हलवत राहिले. मग म्हणाले, "बघ. माझ्या बापाला यांच्या वसरीवर चढू देत नव्हते. आन् आज पाटलीनबाई माझ्या लेकीचा हात धरून पडली. काळ बदलला, बाई." मला ते लाडाने बाई म्हणतात. मी ताट उचलून आत गेले आणि नळ मोठा सोडला.

एका "हो"चे दोन झाले होते. पहिलं निस्तरता आलं असतं. दुसरं नाही. आजीला काय वाटेल याची मला तेवढी पर्वा नव्हती. हे दादांना कळू नये, एवढीच माझी इच्छा उरली. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात स्वतःला लपवलं नाही, त्याच्या लेकीने पहिल्याच वेळी लपवलं, आणि वर येऊन त्याच्या ताटासमोर खोटं बोलली, हे त्यांना कळलं तर त्यांच्या डोळ्यांत जे दिसेल ते बघायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले. सांगून टाकायचं असं ठरवूनच गेले होते. आजीचा मुलगा खुर्चीवरून उठून उभा राहिला. आजी उशीला टेकून बसली होती. मी तिची बोटं हलवून बघितली, अंगठा वर करायला लावला, कुठे मुंग्या येतात का विचारलं. ब्लॉक पूर्ण उतरला होता, बोटं गुलाबी होती. "तुझा हात लई हलका हाय लेकरा," ती म्हणाली. मी म्हटलं, "दुखतंय का फार?" ती नाही म्हणाली. मी औषधं लिहून दिली आणि बाहेर पडले. दाराबाहेर उभी राहून स्वतःवर इतकी चिडले की समोरून येणाऱ्या वॉर्डबॉयला विनाकारण झापलं. वड्याचं तेल वांग्यावर, म्हणतात तसं.

इकडे दादांनी गोष्ट कॉलनीच्या बागेत नेली. सकाळी त्यांच्या बाकावर चार निवृत्त मंडळी बसतात. त्यांना सांगून झालं, बिलोलीला चुलतभावाला फोनवर सांगून झालं. दर वेळी गोष्टीत आजी थोडी आणखी चांगली व्हायची. "कोन हाय ते कळल्यावर बी हात सोडला नाही," असं दादा म्हणायचे, आणि मी दुसऱ्या खोलीत वर्तमानपत्राआड बसून एकच ओळ वाचत राहायचे. खाई त्याला खवखवे. त्यांनी नुसतं देगलूरचं नाव काढलं तरी मला वाटायचं, आता कळलं. एकदा मी त्यांच्यावर खेकसलेसुद्धा, की तेच तेच काय सांगता लोकांना. ते बावरून म्हणाले, "चांगलं हाय म्हनून सांगतो, बाई."

दादांच्या रक्तातली साखर तपासायला मी त्यांना अधूनमधून माझ्याबरोबर रुग्णालयात नेते. रक्त देऊन झालं की ते माझ्या खोलीत बसतात. खोली कसली, थिएटरच्या बाजूचं खुराडं आहे, दोन खुर्च्या आणि एक कपाट. त्या दिवशी ते तिथे डबा उघडून उपमा खात होते, आणि दारात आजी उभी राहिली. हात झोळीत, मागे पिशवी धरलेला मुलगा. टाके काढायला आली होती आणि नर्सला विचारत विचारत माझ्यापर्यंत पोचली होती.

"लेकरा, न भेटता कशी जाईन?" ती म्हणाली.

दादांनी डबा बंद केला आणि उठून तिला खुर्ची दिली. तिची बोली ऐकली मात्र, त्यांना कळलं. माझ्याकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या, ह्याच का त्या? मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? दादांनी तिला हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते.

आजीने मुलाच्या पिशवीतून खण काढायला लावला, दुकानातला भारीतला, मग नारळ, तांदूळ, हळदकुंकवाची डबी. "सवाष्ण लेक हायेस, ओटी भरते. पदर न्हाई का? ओढनी धर."

आमच्या घरात ओटी भरत नाहीत. आजोबांनी देव नदीत सोडले तेव्हाच हे सगळं सुटलं, आणि दादा त्याबाबतीत कडक आहेत. माझ्या लग्नात सासरकडच्या एका शेजारणीने नारळ पुढे केला तर त्यांनी तो नम्रपणे परत केला होता. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच खूण केली, घे. त्यांचा हिशेब मला कळत होता. पाटलाघरची म्हातारी, आपण कोण ते माहीत असून, मोडलेला हात घेऊन माझ्या लेकीची ओटी भरायला आली आहे. तिथे नारळाला काय नावं ठेवायची? माझ्यासाठी नाही, तिच्या मोठेपणासाठी ते आपली रीत बाजूला सारत होते. मी ॲप्रनवरची ओढणी पसरली. आजीने डाव्या हाताने कुंकू लावलं आणि ओटी भरली.

"आपल्यातलं लेकरू भेटलं म्हनून वाचले," ती दादांकडे वळून म्हणाली. "न्हाईतर कुना कोट्यातल्याच्या हाती पडले असते. म्या हिला सुई टोचतानाच इचारून घेतलं व्हतं, आपल्यातलीच ना गं. व्हय म्हनली, तवा कुठं जिवात जीव आला."

दादांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मी ओढणीत नारळ धरून उभी होते आणि माझ्या कपाळाला कुंकू होतं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. इतके दिवस मला भीती होती ती रागाची, आणि तो तिथे नव्हताच. त्यांनी नजर खाली घेतली, जणू चूक त्यांचीच झाली होती.

"तुम्ही हिचे वडील?" आजी विचारत होती. "बिलोलीकडचे म्हनली ही. शेती किती गावाकडं?"

आमच्या नावावर बोटभर जमीन कधी नव्हती. आजोबा दुसऱ्यांच्या शेतात राबले आणि तिथेच संपले. हे दादांनी मला शेकडो वेळा सांगितलंय, अभिमानाने सांगितलंय. आता ते बोलतील, मला वाटलं. त्यांचा नियम होता. नाहीतर मी बोलावं. सुई आत नव्हती, रेघ नव्हती, आजीची नाडी ठणठणीत होती. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी दादांकडे बघत राहिले, त्यांनी बोलावं म्हणून की बोलू नये म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

"होती थोडी," दादा म्हणाले.

"आता कोन बघतं?"

"इकली. पोरांच्या शिक्षनाला."

"ते बरं केलंत," आजी म्हणाली. "शिकली म्हनून कामाला आली." मुलाने पिशवी गुंडाळली. निघताना तिने रामराम केला. आमच्या घरचा नमस्कार वेगळा आहे. दादा फोन उचलताच तो म्हणतात, मग पलीकडे कुणीही असो. त्यांनी हात जोडले आणि म्हटलं, "रामराम."

ते गेल्यावर मी नारळ कपाटात ठेवला, कपाळ पुसलं. दादांनी डबा परत उघडला नाही. त्यांचा रिपोर्ट आला, साखर ठीक होती. माझी ड्यूटी संपेपर्यंत ते खुर्चीत पाय जवळ घेऊन बसून राहिले, आणि मी थिएटरमध्ये एका रिक्षावाल्याच्या कोपराचा ब्लॉक देताना एक अक्षर बोलले नाही. नर्सने दोनदा विचारलं, मॅडम बरं आहे ना.

गाडीत ते मागे बसले. एरवी माझ्या शेजारी बसतात आणि माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवतात. मी मनात वाक्य जुळवत होते. दादा, माझं चुकलं. दादा, सुई आत होती. दोन्ही वाक्यं तोंडापर्यंत येऊन परत जात होती. त्यांनी मला चार शब्द ऐकवावेत, हात उगारावा, काहीतरी करावं, असं मला मनापासून वाटत होतं.

मूसापेटच्या सिग्नलला गाडी थांबली. मागून त्यांचा आवाज आला, अगदी हलका. खात्यात नवीन असताना ते साहेबांशी असं बोलत असतील.

"बाई, बरोबर बोललो ना मी? तुझ्या कामाला काय अडचन तर येनार नाही?"

मी आरशात बघितलं. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"नाही, दादा," मी म्हटलं. "बरोबर बोललात."